सर्दी छातीत उतरण्याआधी: फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ग्वाल्हेरमध्ये दिवाळी सरली की पंधरा दिवसांत हवा बदलते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा ५-६ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते, धुके दुपारपर्यंत रेंगाळते, आणि लष्कर या जुन्या भागातल्या वाड्यांपासून नव्या कॉलन्यांपर्यंत घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. निरोगी फुप्फुसांच्या माणसाला ही सर्दी आठवडाभर छळते आणि जाते. ज्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार), दमा, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका सैल-रुंद होऊन त्यांत कफ साचणे) किंवा फायब्रोसिस (फुप्फुसे कडक होणे) आहे, किंवा क्षयरोग बरा झाला तरी त्याचे व्रण फुप्फुसांत राहिले आहेत, त्यांच्या बाबतीत त्याच विषाणूचा हिशेब वेगळा असतो. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते, त्यामुळे असे एखादे माणूस बहुतेकांच्या नात्यात असतेच.

हे निदान ज्यांच्या घरात नुकतेच झाले आहे आणि ज्यांचा त्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातले बरेच काही डॉक्टरांनी सांगितलेले असते. पण दवाखान्यातल्या पाच मिनिटांत ते कानावरून जाते. सर्दी नाकात असते तेव्हाच हालचाल करायची असते, हे एवढे जरी डोक्यात बसले तरी पुष्कळ झाले. धाप लागल्यावर धावपळ करणारी घरे मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हातून मधले तीन-चार दिवस निसटलेले असतात.

विषाणू आत जाऊन काय करतो

सर्दी-पडशाच्या विषाणूंमध्ये सर्वाधिक आढळतो तो ऱ्हायनोव्हायरस. त्याचे शंभराहून अधिक प्रकार असल्यामुळे त्यावर लस निघालेली नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून तो पुन्हा होत नाही असेही नाही. त्याच्या जोडीला इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला एचएमपीव्ही, आणि आता सर्वांच्या परिचयाचा झालेला कोविडचा विषाणू. सीओपीडीचा त्रास अचानक बळावलेल्या रुग्णांची तपासणी केली, तर साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांमध्ये यांपैकी कोणता ना कोणता विषाणू सापडतो. दमेकरी मुलांमध्ये हे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते.

श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि ते सतत हलत राहून कफ व त्यात अडकलेली धूळ घशाकडे ढकलत असतात. वर्षानुवर्षे ओढलेल्या विडीने, चुलीच्या धुराने किंवा दगडाच्या धुळीने हे तंतू आधीच दुबळे झालेले असतात. शिवाय विषाणूला पहिल्या काही तासांत रोखणारे इंटरफेरॉन नावाचे प्रथिन दमा व सीओपीडीच्या अनेक रुग्णांमध्ये कमी किंवा उशिरा तयार होते. त्यामुळे विषाणू अधिक खोलवर आणि अधिक दिवस ठाण मांडतो, अस्तर सुजते, कफ वाढतो आणि नळ्या आक्रसतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून तेवढीच हवा संथपणे नेण्यासाठी लागणारा जोर सोळापट होतो. रुंद नळीत थोडी सूज जाणवतही नाही. आधीच अरुंद झालेल्या नळीत तेवढ्याच सुजेने माणूस बेजार होतो.

यातली एक गोष्ट नव्या रुग्णांच्या लक्षात येत नाही. सीओपीडीत अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची जास्त असते. पूर्ण न सुटलेली हवा छातीत साचत जाते, छाती फुगलेलीच राहते, श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा सपाट होऊन त्याचा जोर ओसरतो, आणि पुढचा श्वास घ्यायला आत जागाच उरत नाही. ‘हवाच आत जात नाही’ अशी तक्रार करणाऱ्या रुग्णाच्या छातीत प्रत्यक्षात हवा कोंडलेली असते. पुढे रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि काही रुग्णांमध्ये कार्बन डायऑक्साइड साचू लागतो.

विषाणूने वाट मोकळी करून दिली की आठवडा-दहा दिवसांत जिवाणूंचा दुसरा संसर्ग होऊ शकतो, आणि ताण हृदयावरही येतो. कॅनडात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले होते. म्हणून सर्दीच्या दिवसांत छातीत दुखले, तर ते ‘खोकून खोकून दुखत असेल’ असे घरच्या घरी ठरवून टाकू नये.

आजारागणिक रूप थोडे बदलते. दम्यात रात्री आणि पहाटे घरघर वाढते. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये कफाचे प्रमाण आणि वास बदलतो. फायब्रोसिसमध्ये खोकला कोरडाच राहतो, पण चार पावले चालताच ऑक्सिजन घसरतो आणि बिघाड फार वेगाने होऊ शकतो; अशा रुग्णाने, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ग्वाल्हेर-शिवपुरी पट्ट्यात दगडाच्या खाणींत आणि घडाईच्या कामात आयुष्य काढलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ बसलेली असते आणि त्यांना क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो, तेव्हा कामाचा हा इतिहास डॉक्टरांना न विचारता सांगावा.

पहिली पायरी: बरे असतानाचा दिवस लिहून ठेवा

त्रास वाढला की नाही हे ठरवायला एरवी किती असतो हे माहीत हवे. एक साधी वही घ्या आणि प्रकृती ठीक असतानाच्या आठवड्यात सलग काही दिवस पुढील गोष्टी नोंदवा: जिना न थांबता किती पायऱ्या चढता येतो, दिवसातून किती वेळा तातडीचा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर) घ्यावा लागतो, रात्री किती उशा लागतात, सकाळी कफ किती पडतो आणि कोणत्या रंगाचा, आणि स्वस्थ बसलेले असताना ऑक्सिजन व नाडी किती. दम्याच्या रुग्णाने जमल्यास पीक फ्लो मीटर (जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजण्याचे साधन) घ्यावा आणि आपला सर्वोत्तम आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्याच्या ८० टक्क्यांखाली आले की सावध व्हायचे आणि ५० टक्क्यांखाली आले की रुग्णालयात जायला निघायचे, असा सर्वसाधारण नियम आहे.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरबद्दल थोडे सविस्तर. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी सहाला, गार पाण्याने तोंड धुऊन आलेल्या माणसाच्या बोटाला तो लावला, तर ८६ दाखवू शकतो आणि सारे घर हादरते. बोट गार असले की रक्तप्रवाह कमी होतो आणि आकडा खोटा येतो. हात चोळून किंवा गोधडीत धरून ऊबदार करावेत, पाच मिनिटे स्वस्थ बसावे, नखपॉलिश असेल तर पुसावे, मधले किंवा तर्जनी बोट आत सरकवून हात मांडीवर स्थिर ठेवावा, आणि आकडा पहिल्या क्षणी न वाचता अर्धा-एक मिनिट स्थिरावू द्यावा. यंत्रावर दोन आकडे असतात. त्यांतला कोणता ऑक्सिजनचा आणि कोणता नाडीचा हे घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवा, कारण नाडी ९२ पाहून निर्धास्त राहिलेली माणसे असतात.

कफाचा रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदी रुमालावर पाहावा. बेसिनमध्ये आणि पिवळ्या दिव्याखाली सगळाच कफ पिवळा दिसतो.

आपल्याकडच्या अनेक मराठी घरांत आता आई-वडील ग्वाल्हेरला आणि मुले पुण्याला किंवा बंगळूरला असतात. फोनवर ‘कसे आहात’ विचारले, तर उत्तर ‘बरा आहे रे’ हेच येते. त्याऐवजी वडिलांना सांगावे, ‘बाबा, एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात जमेल तितके आकडे मोजा.’ बरे असताना ते किती मोजतात हे लिहून ठेवावे. एरवी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस बारालाच थांबू लागला, तर ‘बरा आहे’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये. ही काही रोगनिदानाची चाचणी नव्हे, पण हजार-दीड हजार किलोमीटरवरून करता येण्याजोगी ती एक चांगली पारख आहे.

दुसरी पायरी: लस

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो आणि लसही त्याप्रमाणे बदलली जाते. भारतात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्च या काळात पुन्हा डोके वर काढतो, म्हणून या वर्षीची लस राहिली असेल तर नेमका महिना शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून ती घेऊन टाकावी. परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. इंजेक्शनमधला विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, एवढेच.

न्यूमोनियाची म्हणून ओळखली जाणारी न्यूमोकॉकल लस विषाणूवर नसून जिवाणूवर आहे, पण वर सांगितलेल्या दुसऱ्या संसर्गाच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरते. ती दरवर्षी घ्यायची नसते. कोणती लस आणि किती मात्रा हे वय व आधी घेतलेल्या लसींवरून ठरते. प्रौढांसाठी या दोन्ही लसी सहसा स्वतःच्या खर्चाने घ्याव्या लागतात. रुग्णालयातल्या एका मुक्कामाच्या बिलाशी तुलना केली, तर हा खर्च मला कधीच मोठा वाटलेला नाही. घरातल्या इतरांनीही फ्लूची लस घेतलेली बरी, कारण विषाणू बहुधा त्यांच्याच हातून येतो.

तिसरी पायरी: पंप नीट घेता येतो का ते तपासा

सर्दीच्या दिवसांत ‘पंपाचा उपयोगच होत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा निम्मा दोष पंप घेण्याच्या पद्धतीचा असतो, असे माझे मत झाले आहे. दाबायचा पंप शक्यतो स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावूनच घ्यावा. पंप हलवावा, नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी हवेत फवारून पाहावा. कडाक्याच्या थंडीत डबी गार पडली की फवारा कमी येतो, म्हणून ती क्षणभर तळहातात धरून ऊबदार करावी. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, पंप एकदाच दाबावा, चार-पाच सेकंद लावून सावकाश आणि खोल श्वास आत घ्यावा, आणि दहापर्यंत मोजेस्तोवर किंवा जमेल तितका वेळ तो रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. दोन फवारे एकदम मारून एकाच श्वासात ओढणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे.

कॅप्सूलची पूड ओढायच्या उपकरणात उलट असते: तिथे श्वास जोरात आणि झपकन ओढायचा असतो. कॅप्सूल उपकरणात घालायची असते, पाण्याबरोबर गिळायची नसते. हे लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण आठवडाभर कॅप्सूल गिळणारे नवे रुग्ण खरोखरच असतात, कारण त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता हवेत वाळवावा. कापडाने घासल्यास आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतींना चिकटते. नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारे यंत्र) असेल, तर त्याचा पेला व मास्क प्रत्येक वापरानंतर धुऊन कोरडे करावेत आणि त्यात नळाचे पाणी कधीही घालू नये. आणि सर्दी झाली म्हणून रोजचा पंप बंद करू नये. ‘स्टेरॉइडने संसर्ग वाढेल’ या भीतीने तो बंद करणारे काही जण नेमके त्याच आठवड्यात रुग्णालयात पोचतात. सीओपीडीत अशा पंपाने न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो हे खरे आहे. पण तो चालू ठेवायचा की बदलायचा हे बरे असताना डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आजारपणात स्वतःहून नव्हे.

चौथी पायरी: घर आणि बाहेर

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर जात नाही, त्यामुळे धुक्याच्या सकाळी फिरायला जाण्याचा नेम मोडावा. ऊन पडल्यावर, अकरा-बारानंतर जावे. धुराने आधीच चिडलेल्या श्वासनलिकांना विषाणू लवकर धरतो.

सिगडीबद्दल इथे जरा कठोरपणे बोलायला हवे. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून भोवती बसण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि घरातल्या आजोबांना दम लागतो म्हणून ती मुद्दाम त्यांच्याच खाटेजवळ सरकवली जाते. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, त्याला वास नसतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजून आकडा चांगला दाखवत राहतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात सिगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडतात. गोधडी, लोकरीचे मोजे, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी आणि फार तर विजेचा हीटर एवढ्यावर भागवावे. दुपारी ऊन असताना समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडाव्यात. बंद खोलीत खोकणाऱ्या चार माणसांचा श्वास साचत जातो.

बाहेरची गर्दी संपूर्ण टाळा असे मी म्हणणार नाही. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा ऐन विषाणूंच्या मोसमात भरतो, तानसेन समारोहही डिसेंबरातच असतो, आणि आयुष्यभर या दोन्ही ठिकाणी गेलेल्या माणसाला घरात कोंडून ठेवणे हाही एक आजारच. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, मोकळ्या भागात, नाकावर नीट बसणारा मास्क लावून जावे. तयार कपड्यांच्या कोंदट मंडपात शिरू नये. मास्कने गुदमरल्यासारखे होत असेल तर तीन पदरी साधा मास्क चालेल. घरात मात्र ज्याला सर्दी झाली आहे त्याने मास्क लावावा. शाळेतून नाक गळत आलेल्या नातवाने आठवडाभर आजीच्या पांघरुणात शिरू नये, हे त्याला कितीही वाईट वाटले तरी सांगावे. हात साबणाने धुण्याबद्दल वेगळे काही लिहायची गरज नाही.

पाचवी पायरी: घसा खवखवला, आता काय

ज्या दिवशी घसा खवखवला किंवा पहिल्या शिंका आल्या, ती तारीख वहीत लिहा. पुढचे सगळे त्या तारखेपासून मोजायचे आहे.

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना फोन करा. ताप एकदम चढला असेल, अंग मोडून येत असेल आणि गावात फ्लू सुरू असेल, तर ही घाई अधिक महत्त्वाची, कारण ओसेल्टामिविर हे फ्लूचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. कोविडची तपासणीही याच काळात करून घ्यावी. रोजची औषधे चालू ठेवावीत, तातडीचा पंप डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत घ्यावा, तापाला पॅरासिटामॉल सांगितलेल्या मात्रेत घ्यावे. पाणी व पातळ पदार्थ पुरेसे घ्यावेत. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळावी. पोट भरून जेवल्याने श्वासपटलावर दाब येतो, म्हणून थोडे थोडे आणि अनेकदा खावे: मऊ भात, वरण, मुगाची खिचडी.

दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंतचा काळ फसवा असतो. नाक मोकळे होते, ताप उतरतो, घरातले म्हणतात, ‘आता बरे वाटतेय ना,’ आणि त्याच वेळी छातीत घरघर वाढू लागलेली असते. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ वहीतल्या नोंदी पुन्हा घ्याव्यात आणि बरे असतानाच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. दम लागणे वाढले, कफ वाढला, कफाचा रंग पांढऱ्याचा हिरवट-पिवळा झाला, या तीन बदलांवर लक्ष ठेवायचे. रंग बदललेला असून सोबत दुसरे काही वाढलेले असेल, तर प्रतिजैविकाची गरज आहे का हे डॉक्टर पाहतात. बऱ्याचदा पाचेक दिवसांचे स्टेरॉइडच्या गोळ्यांचे उपचारही दिले जातात. काही डॉक्टर नेहमीच्या रुग्णाला या गोळ्या कधी सुरू करायच्या हे आधीच लिहून देतात. तसे लिहून मागावे, पण गेल्या वर्षीच्या उरलेल्या पाकिटातून मनाने घेऊ नये. मधुमेह असेल तर या गोळ्यांनी साखर चढते, तेव्हा ती रोज तपासावी.

दम लागल्यावर आडवे पडू नये. खुर्चीत बसून किंचित पुढे झुकावे, कोपरे टेबलावर किंवा मांड्यांवर टेकवावीत, नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि शीळ घातल्यासारखे ओठ करून चार अंक मोजत सोडावा. कोंडलेली हवा बाहेर पडायला याने मदत होते. ही क्रिया बरे असताना रोज करून अंगवळणी पाडलेली असावी. घाबरलेल्या माणसाला ती नव्याने शिकवता येत नाही.

मेडिकलच्या दुकानातून मनाने आणू नये अशा गोष्टी

इथे अधिक थांबतो, कारण अर्धा गोंधळ या काउंटरवर होतो. ॲझिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाचा विषाणूवर परिणाम होत नाही; ब्रॉन्किएक्टेसिसच्या काही रुग्णांना ते दीर्घकाळ दिले जाते, त्यामागची कारणे निराळी. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. अनेक जुने दमेकरी थिओफायलिन असलेली डेरिफायलिनची गोळी रोज घेतात, आणि त्यावर कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन दिले, तर शरीरात थिओफायलिनचे प्रमाण चढते. छातीत धडधड, उलट्या, हातांना कंप आणि प्रसंगी फिटही येऊ शकते. दुकानदाराला किंवा नव्या डॉक्टरला आपण आधीपासून काय घेतो हे सांगायलाच हवे, आणि त्यासाठी औषधांची यादी खिशात हवी.

कफ पडत असताना खोकला दाबणारी औषधे घेऊ नयेत. कोडीनचे औषध आणि झोपेच्या गोळ्या श्वासाची गती मंदावतात. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांना त्या घातक ठरू शकतात. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी दम्याचा झटका येतो.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. वाफाऱ्याने चोंदलेले नाक मोकळे होते, विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर वाकलेली म्हातारी माणसे भाजतात, हे ध्यानात ठेवून तो घ्यावा. पाण्यात निलगिरीचे तेल किंवा कापूर टाकल्यास त्या उग्र वासाने दमा उसळू शकतो. ज्येष्ठमधाचा काढा चवीपुरता ठीक. दिवसातून चार वेळा घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, आणि तातडीचा पंप व स्टेरॉइड यांनीही ते उतरतच असते.

सहावी पायरी: केव्हा निघायचे

एक वाक्य सलग बोलता येत नाही, बसलेले असतानाही मिनिटाला पंचवीस-तीसहून जास्त श्वास होतात, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, छातीत दुखते, कफातून रक्त येते, तातडीच्या पंपाचा असर तासाभरातच ओसरतो, ऊबदार बोटावर, नीट मोजूनही ऑक्सिजन ९० च्या खाली किंवा आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा चार-पाचने उतरला आहे: यांतले एकही दिसले तर वाट पाहू नये. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, गुंगीत जाऊ लागला किंवा त्याला भलतीच झोप येऊ लागली, तर ‘बरे झाले, झोप लागली’ असे समजू नये. ते कार्बन डायऑक्साइड साचल्याचे लक्षण असू शकते. उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला, तर जिवाणूंचा संसर्ग किंवा न्यूमोनिया झाला आहे का हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले जयारोग्य रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे रुग्णालय, यांपैकी कुठे जायचे आणि रात्री दोन वाजता वाड्याच्या बोळात गाडी कुठवर येते, हे आधीच ठरवलेले असावे. सोबत वही, औषधांची यादी, आधीचे एक्स-रे आणि श्वासचाचणीचे कागद, पंप व स्पेसर घ्यावेत. दारातच डॉक्टरांना ‘यांना सीओपीडी आहे’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यांच्यापैकी ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो त्यांना ऑक्सिजन मोजून, सहसा ८८ ते ९२ टक्क्यांच्या आत राहील असा दिला जातो. ‘आकडा शंभर का करत नाही’ म्हणून तिथे भांडू नये. याच कारणाने घरच्या ऑक्सिजन यंत्राची गती मनाने वाढवू नये. आणि ते चालू असताना जवळ देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस किंवा विडी असू नये.

सातवी पायरी: ताप गेल्यानंतरचे दोन महिने

बरे झाल्यासारखे वाटल्यावर लोक वही बंद करतात. सीओपीडीच्या एका झटक्यानंतरचे सुमारे आठ आठवडे दुसऱ्या झटक्यासाठी सर्वाधिक धोक्याचे असतात, आणि काही रुग्णांना पूर्वपदावर यायला तेवढाच काळ लागतो. एक ते चार आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावे, पंप घेण्याची पद्धत त्यांच्यासमोर करून दाखवावी, आजारपणात वाढवलेली कोणती औषधे आता बंद करायची हे विचारावे. अंथरुणाला खिळून राहिल्याने मांड्यांची ताकद फार लवकर जाते, म्हणून घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून रोज थोडे वाढवावे. फिजिओथेरपिस्टकडून श्वसनाचे व्यायाम शिकता आले तर उत्तम. जे अजून विडी-सिगारेट ओढतात त्यांनी सोडण्याची मदत याच भेटीत मागावी, कारण रुग्णालयातून परतलेल्या माणसाचा निश्चय तेव्हा सर्वांत पक्का असतो.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन घटले, संध्याकाळी बारीक ताप किंवा रात्री घाम येऊ लागला, तर ‘सर्दीचाच खोकला आहे’ असे म्हणून थांबू नये. थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांनी तपासणीच्या वेळी जुने एक्स-रे सोबत न्यावेत, म्हणजे जुना व्रण कोणता आणि नवा डाग कोणता हे डॉक्टरांना ताडून पाहता येते.